शुक्रवारचा पेपर

आमच्या गल्लीतले लूम बंद पडून बरीच वर्षं झाली. भंगारवाल्यांचे टेम्पो आले आणि एकेक लूम तोडून वजनावर घेऊन गेले. आता त्या गाळ्यांत कुणाकुणाची गोदामं आहेत, दिवसभर शटर खाली असतं. तरीही मार्च लागला, दहावीच्या मुली पॅड छातीशी धरून रस्त्यानं जाताना दिसायला लागल्या, की माझ्या कानात खटखट सुरू होते. शेवटी कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बॅटरी मारून कान तपासले आणि म्हणाले, "वयोमानानुसार होतं असं." वयोमानानुसार म्हणे! माझं वय काय फक्त मार्चपुरतं वाढतं का? एप्रिलात परीक्षा संपल्या की खटखट आपोआप जाते. पण हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी दिली असती.

भिवंडीच्या निजामपुऱ्यात आम्ही माडीवर राहायचो आणि आमच्या पायाखाली कापड विणलं जायचं. वडील कारकून होते, लूमशी आमचा काडीचा संबंध नव्हता, पण त्याची खबर लूमना नव्हती. जमीन हलायची. ओट्यावर दूध ठेवलं की त्यावर बारीक बारीक वळ्या उठायच्या. सुताचं तूस हवेत तरंगत असायचं, ते वरणात पडायचं, ओल्या केसांना चिकटायचं, देवाच्या समईवर जाऊन बसायचं. वारा फिरला की सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या कारखान्यातून उकळत्या कांजीचा आंबूस वास यायचा. बाहेरचे पाहुणे आले की कपाळाला हात लावायचे, म्हणायचे, "अहो, राहता कसे तुम्ही इथं?" आई ओरडून सांगायची, "सवय होते!" ओरडूनच सांगायला लागायचं. आमच्या गल्लीत कुणाला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं.

शुक्रवारी मात्र लूमना सुट्टी. कामगार न्हाऊन-धुऊन, पांढरे कपडे घालून नमाजाला निघायचे आणि गल्ली एकदम गप्प व्हायची. गंमत अशी, की लूम थांबले तरी माणसांचे आवाज काही खाली यायचे नाहीत. आठवडाभर ओरडून बोलायची सवय, ती एका दिवसासाठी कोण मोडणार? त्यामुळे शुक्रवारी सगळ्या गल्लीला सगळ्यांचं सगळं कळायचं. कुणाच्या घरी काय शिजलंय, कोणती सून माहेरी निघालीय, कुणी कुणाला काय टोमणा मारला, सगळं. मला हा दिवस फार आवडायचा. आणि अभ्यास म्हणाल तर तो मी फक्त याच दिवशी करायचे.

खोटं कशाला सांगू? इतर दिवशी माझं डोकं दुखायचं. पुस्तक उघडलं की अक्षरं दुधावरच्या वळ्यांसारखी हलायची. कानात कापसाचे बोळे घालून बसायचे आणि थोड्या वेळानं पुस्तकावरच झोपायचे. वडील संतापायचे. शुक्रवारी सकाळी मी वह्या घेऊन बसले की मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे, "या! आल्या आमच्या शुक्रवारच्या विदुषी!" समोरच्या घरातून हिरा फिदीफिदी हसायची. ते तिला ऐकू जायचं, कारण तो शुक्रवार असायचा.

हिरा माझ्या वर्गातली. तिचे वडील आगरी, खाडीकडची थोडी शेती विकून त्यांनी गल्लीत घर बांधलं होतं आणि घराला लागूनच लूमचा गाळा काढून भाड्यानं दिला होता. घर आणि गाळा यांच्यात एकच भिंत. हिरा त्या भिंतीला पाठ टेकून अभ्यासाला बसायची, दिवेलागण झाली की बसायची आणि आई जेवायला ओढून नेईपर्यंत उठायची नाही. मी एकदा तिला विचारलं, "अगं, तुझ्या डोक्यात शिरतं तरी कसं?" तर म्हणाली, "हिथं पाठ टेक. टेक तर खरं." मी टेकली. अख्खी भिंत थरथरत होती, ती थरथर पाठीतून थेट दातांत पोचली. हिरा म्हणाली, "आता बोल. एका खटक्याला एक शब्द."

असं तिचं पाठांतर होतं. आम्ही मराठी शाळेतल्या पोरी, इंग्रजी बोलायची वेळ आली की एकमेकींच्या मागे लपायचो. निबंध, पत्रं, धड्याखालची उत्तरं, सगळं घोकायचं आणि पेपरात ओकायचं, हीच आमची रीत. पण माझं घोकणं म्हणजे नुसती बडबड. हिराचं घोकणं लूमच्या तालावर. धोटा इकडून तिकडे गेला की एक शब्द, परत आला की दुसरा. "माय... मदर... इज... अ... व्हेरी... काइंड... लेडी." मान हलतेय, उजव्या हाताचं बोट मांडीवर आपटतंय, आणि डोळे मिटलेले. पानंच्या पानं तिला यायची. बाईंनी वर्गात विचारलं की ती उभी राहायची, बाकावर बोटानं हलकेच ठेका धरायची आणि धडाधड सुरू. खिडकीबाहेर लूम असायचेच. आमची शाळा काही जंगलात नव्हती.

आणि ती हौस म्हणून घोकत नव्हती. हिराला मास्तरीण व्हायचं होतं. तिच्या वडिलांनी दहावीच्या सुरुवातीलाच ओसरीवर बसून सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, "पास झालीस तं पुढं शिक, मी आडवा येनार न्हाय. न्हाय झालीस तं सोयरीक बघू. मंग रडायचं न्हाय." माणूस वाईट नव्हता. त्याच्या भावकीत दहावीला बसलेली ही पहिलीच मुलगी, एवढी मुभा दिली यातच त्याला आपण फार मोठं काही केलं असं वाटत होतं. माझ्या घरी असलं काही नव्हतं. मी नापास झाले असते तर वडिलांनी चार दिवस तोंड फुगवलं असतं आणि पुन्हा बसवलं असतं. एकाच गल्लीत, समोरासमोरच्या दोन घरांत, एकच परीक्षा अशी वेगवेगळ्या वजनाची होती.

परीक्षेआधी दोघींच्या आया आम्हाला वज्रेश्वरीला घेऊन गेल्या. एसटी धुरळा उडवत चालली होती, हिरा खिडकीशी बसून ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती. बसच्या इंजिनाचा आवाजही तिला चालायचा म्हणे, फक्त उतारावर ताल चुकतो. देवीची ओटी भरून झाली, कुंडाच्या गरम पाण्यात पाय बुडवून बसलो. मी विचारलं, "काय मागितलंस गं?"

"तू काय मागितलंस?"

"मी म्हटलं, इंग्रजीचा पेपर सोपा येऊ दे. आणि जमलं तर परीक्षाच रद्द होऊ दे."

ती हसून हसून लाल झाली. मग म्हणाली, "मी काय जास्त न्हाय मागितलं. म्हटलं, जे पाठ झालंय ते ऱ्हाऊ दे."

आजही हे आठवतं. पोरीनं किती थोडकं मागितलं होतं!

वेळापत्रक आलं. फळ्यावरून आम्ही ते उतरवून घेतलं. इंग्रजी शुक्रवारी. कुणाच्याच लक्षात काही आलं नाही, येण्यासारखं होतं काय त्यात? मी मात्र पुढे आयुष्यभर त्या चौकटीचा विचार करत आले. कुठल्या तरी ऑफिसात, कुठल्या तरी टेबलावर, कुणीतरी चहाचा घोट घेत शुक्रवारच्या रकान्यात इंग्रजी लिहिलं असेल. गुरुवारीही लिहिता आलं असतं. त्या माणसाला भिवंडी नकाशात कुठं आहे हेही माहीत नसेल, तिथं शुक्रवारी लूम बंद असतात हे तर दूरच. त्यानं लिहिलं, बशीत कप ठेवला आणि पुढच्या रकान्याकडे वळला.

आमचं केंद्र आमच्याच शाळेत होतं. आडनावं जवळजवळची म्हणून हिराचा नंबर बरोब्बर माझ्या पुढे. आधीचे पेपर लूमच्या दिवशी झाले. माझी जी काही तारांबळ उडाली, विचारू नका. कानात बोळे कोंबून मी कशीबशी उत्तरं लिहीत होते, एक ओळ लिहिली की दुसरी विसरत होते. समोर हिराची पाठ बघत होते. वेणी डुलतेय, खांदा ठेक्यात हलतोय, पुरवणीवर पुरवणी घेतेय. बाहेर आल्यावर मी रडकुंडीला आलेली आणि ती गुणगुणत चाललेली. म्हणाली, "घाबरतंस कशाला गो? शुक्रवारी तुला बरं वाटंल."

आणि खरंच बरं वाटलं. शुक्रवारी सकाळी आईनं हातावर दही ठेवलं तेव्हाच गल्ली गप्प झालेली होती. वर्गात पंख्याची कुरकुर तेवढी. पेपर हातात पडला, मी वाचला, आणि डोकं असं स्वच्छ, जणू कुणी आतून पुसून घेतलंय. आजवरचे सगळे शुक्रवार माझ्या मदतीला धावून आले. मी भराभरा लिहायला लागले. पहिलं पान झालं, दुसरं झालं, आणि सहज समोर बघितलं तर हिराची वेणी हलत नव्हती.

ती खिडकीकडे बघत होती. बाहेर काहीच नव्हतं. तिनं मान खाली घातली, पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं. पाठ ताठ करून मागे रेलली, भिंत शोधावी तशी. मागे भिंत नव्हती, माझा बाक होता. मग तिनं बोटानं बाकावर ठेका धरला. टक, टक, टक. अगदी हलका. थोडा वेळ खांदा हलला, पेन चाललं, एकदोन ओळी उतरल्या असतील. तेवढ्यात सुपरवायझर बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. "ए मुली, आवाज नको. बाकीच्यांना त्रास होतो." चांगल्या शब्दांतच म्हणाल्या, त्यांची काही चूक नव्हती. हिरानं बोट मुठीत घेतलं. त्यानंतर घंटा होईपर्यंत ती तशीच बसून होती.

मार्चमध्ये मला जे ऐकू येतं ते हे आहे. लूमचा खडखडाट केवढा मोठा, त्यानं घरं हलायची. माझ्या कानात येतं ते अगदी बारीक आहे, लाकडावर नख वाजल्यासारखं. थोडा वेळ वाजतं आणि मधेच थांबतं. थांबलं की मी दचकून जागच्या जागी उभी राहते, हातातलं काम तसंच राहतं.

निकाल लागला. मराठीत, इतिहासात, शास्त्रात, सगळीकडे हिरा माझ्या कितीतरी पुढे. इंग्रजीत नापास. माझं बाकी सगळं काठावर, आणि इंग्रजीत शाळेत पहिली! वडिलांनी पेढे वाटले आणि गल्लीभर सांगत सुटले, "पोरीनं कष्टच तसे घेतले हो!" जो माणूस मला शुक्रवारची विदुषी म्हणायचा, तोच! आणि समोरच्या ओसरीवर हिराचे वडील हिराच्या आईला सांगत होते, "अभ्यासात कमी पडली. मन लावून केला असता तं झाली असती." ते ओरडूनच बोलत होते. पण त्या दिवशी लूम चालू होते, म्हणून हिराला ऐकू गेलं नसावं, असं मी अजूनही स्वतःला सांगते.

ऑक्टोबरला पुन्हा बसता आलं असतं. शाळेतल्या बाई त्यांच्या घरी सांगायला गेल्याही होत्या. पण तोवर बोलणी झाली होती. तुळशीचं लग्न लागलं, मागोमाग हिराचं लागलं. मांडवात हळदीनं माखलेली हिरा मला म्हणाली, "तू मास्तरीन हो. दोघींतली एक तं होईल." एवढं बोलून ती हसली.

मी झाले मास्तरीण. इंग्रजीत चांगले मार्क म्हणून कॉलेजात इंग्रजी घेतलं, इंग्रजी घेतलं म्हणून पुढे नोकरी मिळाली, नोकरी होती म्हणून बरं स्थळ मिळालं. एकातून एक निघत गेलं. पुढे मी खपले नाही असं नाही, खूप खपले. पहाटे उठून डबे केले, वह्यांचे गठ्ठे तपासले, रिक्षात बसूनसुद्धा तपासले. पण सगळ्याच्या मुळाशी तो एक गप्प शुक्रवार आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. दरवर्षी दहावीच्या निरोप समारंभात मला बोलायला उभं करायचे. मी म्हणायचे, "मुलांनो, परिश्रमाला पर्याय नाही." टाळ्या पडायच्या. त्या टाळ्यांमध्ये मला टक टक ऐकू यायचं आणि मी खाली बसायचे. मुलांना खोटं सांगत होते का मी? मग खरं काय सांगायला हवं होतं? की बाळांनो, खूप अभ्यास करा, आणि वेळापत्रक करणाऱ्याच्या हातात काय येतं ते बघा? असं सांगून कुठलं पोर पुस्तक उघडेल? त्यांच्या जागी मी असते तर मीही मिटूनच ठेवलं असतं.

मग नव्वदच्या दशकात, एका फेब्रुवारीत, धामणकर नाक्यावर शेअर रिक्षाच्या रांगेत मागून कुणीतरी माझा पदर ओढला. "काय गो मास्तरीनबाय!" हिरा होती. अंगानं भरली होती, नाकात नथनी, हातात भाजीच्या दोन पिशव्या. तिचं सासर गावाबाहेर. तिथंही घराच्या जागेत लूमचे गाळे निघाले होते, आणि घर त्यांना चिकटूनच. मी म्हटलं, "म्हणजे भिंत आहेच तुझ्या नशिबात." ती हसली, पण लगेच गंभीर झाली. थोरली मुलगी अश्विनी चौथीत होती, स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसणार होती. "तिला तुझ्याकडं आणते एकदा. तू चार शब्द सांग. माझं ऐकत न्हाय ती. बोलते, तुला काय कळतं?"

अश्विनी आता चांगली शिकून ठाण्याला नोकरीला लागलीय. भेटली की माझ्याशी इंग्रजीतच सुरू होते. पण मला ती आठवते ती तेव्हाची, तेल लावून चापून बांधलेल्या दोन वेण्या घातलेली.

त्या आल्या तो शुक्रवार होता. हिराच म्हणाली होती, शुक्रवारी येऊ, निवांत बोलता येईल. मी पोहे केले. अश्विनी गॅलरीत उभी राहून खाली बघायला लागली आणि आम्ही दोघी आत. माझ्या सासरची गल्लीही लूमचीच, तीही शुक्रवारची गप्प होती. मी गॅलरीचं दार लोटून घेतलं.

"हिरा," मी म्हटलं, "तो शुक्रवार होता गं. लूम बंद होते म्हणून झालं ते. तुझ्या अभ्यासात काही कमी नव्हतं. मी आळशी, शुक्रवारीच अभ्यास करायचे, म्हणून माझं जमलं. नशीब होतं नुसतं."

हिरानं बशी खाली ठेवली. "असं बोलू नको."

"अगं, खरं तेच सांगतेय."

"शुक्रवार तुला पन होता, मना पन होता. वर्ग एकच, पेपर एकच. तू लिवलास, मी न्हाय लिवला. मी कमी पडले." तिचा आवाज चढला, गल्लीतला जुना आवाज. "नशीब बोललीस तं माझ्या हातात काय ऱ्हायलं गो? कमी पडले बोलले तं पोरीला सांगता येतं, तू पडू नको. नशीब होतं बोलले तं तिला काय सांगू?"

एवढी वर्षं मी तो शुक्रवार मनात जपून ठेवला होता, कधीतरी हिराच्या ओटीत घालीन, तिचं ओझं उतरेल, असं मला वाटत होतं. तिला ते नकोच होतं. मला रडू आलं. हिरा म्हणाली, "ये, रडतंस काय? पोरगी बघंल," आणि तिनंच मला पाणी आणून दिलं.

मग तिनं अश्विनीला आत बोलावलं. "बाईंच्या पाया पड. बाई काय सांगतात ते ऐक." पोरगी पाया पडली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. हिराही बघत होती. मी माझं नेहमीचं भाषण केलं. म्हटलं, "बाळ, मनापासून अभ्यास केला की यश मिळतंच. दुसरं काही लागत नाही." दरवर्षी तोंडपाठ म्हणत आलेली वाक्यं, पण ती म्हणताना मी हिराकडे बघायचं टाळलं.

"कधी बसतेस अभ्यासाला?" मी विचारलं.

"रोजच बसवते आई," अश्विनी कुरकुरली. "पण बाई, शुक्रवारी तर मला उठूच देत नाही. लूम बंद असतात ना, सगळ्या पोरी लंगडी खेळतात. आणि मला खोलीच्या मधोमध बसवते. भिंतीला पाठ टेकली की ओरडते. बोटानं जरा काही वाजवलं तर हात धरते माझा!"

मी हिराकडे बघितलं. तिनं नजर चुकवली नाही. आपली पिशवी उचलली, पोरीच्या वेणीची सुटलेली रिबीन ओढून घट्ट बांधली.

"मेहनतीचं तू सांग गो तिला," ती म्हणाली. "शुक्रवारचं मी बघते."

आणि पोरीचा हात धरून जिना उतरली.